टॅब बंद करू नये

११ जानेवारी

घुम्या,

फोन ब्लॉक, मेसेज ब्लॉक, मेल परत येतोय. तुझ्या खोलीची मालकीण म्हणते, सामान घेऊन गेला, पत्ता ठेवला नाही. माणूस कुलपं लावायला बसला की किती मन लावून लावतो, कमाल आहे. पण एक दार विसरलास. ‘भंगार’.

आठवतंय का? कॉलेजात असताना तू, मी आणि आपला नावाचाच वकील, तिघांनी मिळून उघडलेलं पान. अर्धवट प्रोग्राम, न चाललेले खेळ, परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणाकडून तरी ढापलेला कोड, सगळं त्यात टाकायचो. अनलिस्टेड. तूच मला समजावलं होतंस, की घराला कुलूप नाही, फक्त पत्ता कुठल्या यादीत नाही. ज्याला पत्ता माहीत तो सरळ आत. पत्ता आपल्या तिघांनाच माहीत होता आणि तो अजून चालतो. म्हणून इथे फाइल लिहून ठेवतेय. कधीतरी डोकावशील.

आता कामाचं. बाबांच्या आवाजाचं पान उघडत नाही. आज सकाळपासून त्यांचा बोलायचा टॅब रखडत होता. बाबा एक वाक्य टाइप करायचे आणि ते चहा पिऊन आल्यासारखं आरामात बाहेर यायचं. म्हटलं, बंद करून सुरू करावा. बोट बटणावर होतं. काय मनात आलं कोण जाणे, आधी माझ्या फोनवर तुझी लिंक उघडून बघितली. ‘असं कोणतंही पान नाही.’ पुन्हा उघडली, पुन्हा तेच. मग बोट बटणावरून उचललं आणि तिथेच खाली बसले.

तुला सांगायला नकोच, तूच बांधलंयस. टॅब सुरू होताना बाबांचा आवाज तुझ्या पानावरून उचलून आणतो आणि बंद होईपर्यंत डोक्यात धरून ठेवतो. दर रविवारी तू जुन्या रेकॉर्डिंगमधून कापून नवे शब्द घालायचास, ते आपोआप यावेत म्हणून केलेली सोय. शेवटचा सुरू झाला तेव्हा पान जागेवर होतं, म्हणून बाबा अजून बोलतायत. गळ्याच्या ऑपरेशनने एकदा झाले, आता टॅब बंद पडला की बाबा दुसऱ्यांदा मुके होतील.

आईला सांगितलं. पान, लिंक यातलं तिला काही कळलं नाही, एवढंच कळलं की बंद करायचा नाही. तिने जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि प्लगच्या वर चिकटवलं: ‘टॅब बंद करू नये. हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.’ घरात आम्ही तिघंच. पाटी कोणासाठी, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “तुझ्यासाठी.”

वकिलाने केलं त्याचा राग मला कळतो. त्यावर भांडू, पोटभर भांडू. पण आधी ते कुलूप काढ. थोडा वेळच काढ. मी सगळं उतरवून घेते, मग तुला हवं तर पुन्हा लाव.

— कटकट


१८ जानेवारी

घुम्या,

आठवडा झाला. तुझा ताकास तूर लागू न देण्याचा स्वभाव मला नवा नाही, पण आता अती होतंय.

बरं, मग आधी भांडणच करू. प्रदर्शनात वकिलाच्या कंपनीच्या टेबलावर तू ते बोलणारं यंत्र पाहिलंस. आत तुझा कोड, बाहेर वकिलाचं नाव. तू मला फोन केलास, “लिंक कोणी दिली?” मी म्हटलं, “मी दिली.” तू फोन ठेवलास आणि तेव्हापासून आपण बोललो नाही. तू म्हणाला होतास, कोणाला देऊ नकोस. मान्य. पण वकील ‘कोणी’ कधीपासून झाला? भंगारमध्ये एकाचं ते तिघांचं, हा नियम तूच केला होतास. तो म्हणाला, बाबांसाठी घुम्याने काय केलंय बघू तरी, मी लिंक पाठवली. इतकी वर्षं जशी पाठवत आले तशीच. त्याने ती ऑफिसात नेऊन उघडली, हे त्याचं पाप. त्यासाठी मी तुझ्यासमोर नाक घासणार नाही.

आणि तू तरी काय केलंस? चोर सोडून संन्याशाला फाशी. वकिलाचं यंत्र मजेत बोलतंय आणि गळ्याला भोक असलेला आमचा म्हातारा टॅबच्या वायरीला बांधला गेलाय. तुझ्या हे लक्षात आलं नसणार, एवढी मी तुला ओळखते. रागात माणूस दार आपटतो, आत कोण झोपलंय ते बघत नाही.

वकिला, तूही हे वाचत असशील तर वाच. पत्ता तुलाही माहीत आहे. पण हे तुझ्यासाठी नाही.

शाळेत आज मुलांना ‘फाइल सेव्ह कशी करावी’ शिकवलं. दरवर्षी शिकवते. एका मुलीने विचारलं, “सेव्ह नाही केली तर कुठे जाते?” मी म्हटलं, कुठेही जात नाही, नसते. ती समजूतदारपणे मान हलवून कामाला लागली आणि मी टेबलाखाली फोन धरून पुन्हा तुझी लिंक उघडून बघितली.

तुला ते दिवस आठवतात? ऑपरेशनला थोडेच आठवडे होते. कपड्यांचं कपाट उघडं टाकून, दोन्ही बाजूंना रजया टांगून तू बाबांना आत बसवायचास, आवाज घुमू नये म्हणून. ज्याने स्वतः कधी चार वाक्यं सलग बोलली नाहीत तो दुसऱ्याचा एकेक शब्द गोळा करत बसलाय, याचं आईला फार हसू यायचं. भाजी बाजारात जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस, त्याला हळू बोलताच येत नव्हतं. पहिल्या दिवशी तू ‘नमस्कार’पासून सुरुवात करायला गेलास, तर म्हणाले, “आधी शिव्या घे. त्या रोज लागतात.” आणि आकडे. तू सांगून सांगून थकलास, पण त्यांच्या तोंडून आकडा साधा येईना, बोलीच्या चालीतच यायचा.

एकच गोष्ट त्यांनी दिली नाही. ‘एक वार’ दिलं, ‘दोन वार’ दिलं. तू म्हणालास, आता ‘तीन वार’. त्यांनी तोंड मिटून घेतलं. “माल समोर नसताना तिसरा वार बोलायचा नाही. तिसरा वार म्हणजे माल गेला.” तू बाजारात ध्वनी टिपायला गेला होतास तेव्हाही त्यांनी तुला हेच शिकवलं होतं. तिसरा वार झाला की बोली मागे घेता येत नाही, आणि ज्याच्या नावावर माल गेला त्याने स्वतः येऊन उचलायचा, माणूस पाठवायचा नाही. तू सगळं मुकाट्याने ऐकून घेतलंस. त्यामुळे अजूनही बाबा गमतीत लिलाव लावतात तेव्हा टॅब दोन वारावर थांबतो आणि आम्ही तिघं पुढचं ऐकायला तसेच बसून राहतो.

कुलूप काढ रे.

— कटकट


३० जानेवारी

काल भर दुपारी लाइट गेली. टॅबची बॅटरी म्हातारी, वायर काढली की टक्के डोळ्यांदेखत उतरतात. शेजारी लाइट नाही, समोरही नाही. आईने पायात मिळेल ती चप्पल घातली (एक तिची, एक माझी), टॅब पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, “यांना घेऊन ये मागून.” कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे इन्व्हर्टर आहे. त्याच्या काउंटरवर, खोकल्याच्या बाटल्यांच्या मध्ये, बाबांचा आवाज चार्जिंगला लावला.

थांबलोच आहोत तर गोळ्या घेऊ, म्हणून बाबांनी टाइप केलं. टॅब गरजला, “गोळ्या दोन पाकिटं! दोऽन, दोऽन, दोऽन!” दुकानातली माणसं दचकली. मागून एक बाई म्हणाली, “मी तीन देते.” सगळे हसले. बाबांचे खांदे हलत होते, तू बघितलंयस ते हसणं. लाइट येईपर्यंत त्यांनी अख्ख्या दुकानाचा लिलाव केला. औषधवाला म्हणाला, “काका, रोज येत जा.” आई मात्र एका हाताने प्लग दाबून उभी होती, तो सैल होता म्हणून.

घरी आल्यावर मी फोन काढला. म्हटलं, “बाबा, एकेक वाक्य टाइप करा, मी रेकॉर्ड करून ठेवते. असू दे आपलं.”

“कशाला? मेल्यावर लावायला?”

“तसं नाही हो.”

“माल अजून गाडीवर आहे. तू बोली कशाला लावतेस?”

“टॅबचा काही भरवसा नाही, बाबा.”

“घुम्या उघडेल. पोरगा रागीट आहे, वाईट नाही.”

आणि विषय संपला म्हणून टॅब पालथा ठेवला. ही त्यांची नवी सवय आहे, पूर्वी उठून बाहेर जायचे.

हे सगळं तुझ्याविषयीचा त्यांचा भरवसा म्हणून सांगतेय. मला राग आला होता, तुझा आणि त्यांचाही. काल तपासणीची तारीख होती, ती लाइटच्या भानगडीत राहिली. आज जाऊन आलो. नेहमीची तपासणी. बाकी ठीक.

— क.


६ फेब्रुवारी

टॅब म्हणतो, ‘अपडेट तयार आहे. आता रीस्टार्ट करू?’ खाली दोनच पर्याय, ‘आता’ आणि ‘नंतर आठवण करा’. दिवसातून कितीतरी वेळा आठवण करतो मेला. बाबांचं बोट जाड, कधी भलतीकडे पडेल सांगता येत नाही, म्हणून बाबा बोलत असताना आता आई शेजारी बसते. म्हणजे आमच्याकडे हल्ली खासगी असं काही उरलेलं नाही. मी जरा वेगळं काही बाबांशी बोलायला गेले की आई म्हणते, “माझ्याकडे बघू नका, मी नुसतं बटण बघतेय.”

तपासणी पुन्हा करायला सांगितलीय. नेहमीचंच.


१२ फेब्रुवारी

घुम्या,

टॅबची पाठ फुगलीय. टेबलावर सपाट ठेवला तर डुलतो. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं, कारण नेता येत नाही. त्याने हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

“बॅटरी गेलीय. आज बदला. पेट घेईल.”

“बंद न करता बदलता येईल?”

“ताई, गाडी चालू असताना इंजिन बदलतात का?”

“मग आतलं काढून घेता येईल?”

त्याने वायर लावली, बराच वेळ खटपट केली आणि डोकं खाजवलं. म्हणाला, हे कुठे ठेवलेलं नाही, नुसतं धरलेलं आहे. सुटलं की गेलं. मला हे माहीत होतं, मी मुलांना हेच शिकवते. तरी कोणीतरी दुसरं काही सांगेल, अशी आशा असते ना.

तो निघाला तेव्हा बाबांनी त्याला टॅबवरून ‘आभारी आहे’ म्हटलं. तो दारात थबकला. तोपर्यंत त्याला कळलंच नव्हतं की तो काय दुरुस्त करायला आलाय. पैसे न घेताच गेला.

आईने टॅब स्टीलच्या परातीत ठेवलाय, खाली ओला टॉवेल. पाटी आहे तिथेच आहे.

मी आता भांडत नाही. तुझं बरोबर, माझं चूक, काय हवं ते. पान उघड.

— कटकट


१७ फेब्रुवारी

तुझ्या दोन ओळी वाचल्या. स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत भंगार उघडलं तर नवी फाइल. नाव नाही, गाव नाही.

‘कुलूप नाही लावलं. पुसून टाकलं. लॅपटॉप ऑफिसचा होता, तो परत केला. माझ्याकडे काही नाही. बाबांना सांगू नकोस.’

घुम्या, मी महिनाभर कुलूप काढ, कुलूप काढ म्हणून दार वाजवत होते. आत घरच नव्हतं. लावलेलं असो की पाडलेलं, बाहेरच्याला एकच पाटी दिसते, ‘असं कोणतंही पान नाही.’ आणि मी मूर्ख, त्यातली सोयीची बाजू धरून बसले.

वाचून राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तू ती ओळ लिहिताना कसा बसला असशील ते दिसलं. डबा तसाच बंद करून ठेवला आणि पाचवीच्या वर्गावर गेले.

बाबांना सांगायचं नव्हतंच. पण मी संध्याकाळी पुन्हा फाइल उघडून बघत होते आणि ते मागे उभे. लिलाववाल्याची नजर, लांबूनही पाटीवरचा आकडा वाचणारी. वाचलं, टॅबपाशी गेले, टाइप केलं.

“एवढा रागावला म्हणजे आपलाच आहे.”

मग थोड्या वेळाने, “त्याला ओरडू नकोस.”

मी ओरडत नाहीये. उद्या रजा टाकून वकिलाकडे जाते. त्याच्या कंपनीने तुझ्या पानाची प्रत केली होती ना? प्रत म्हणजे सगळं आलं, कोडही आणि आवाजही. ज्या चोरीपायी हे सगळं झालं तीच आता देवासारखी धावून येईल, असं दिसतंय. हसू नकोस, मला दुसरं काही दिसत नाहीये.

अजून एक. ‘नेहमीची तपासणी’ नेहमीची नव्हती. तुला लिहायचं टाळत होते. गळ्याखाली पुन्हा गाठ आलीय. या वेळी ऑपरेशन नको म्हणाले, औषधं देऊ आणि बघू. ‘बघू’ म्हणताना डॉक्टर बाबांकडे बघत नव्हते.


१८ फेब्रुवारी

वकिलाला भेटले.

काचेची इमारत, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड. वकील खाली घ्यायला आला. जाडा झालाय. मला बघून आधी हसला, मग हसावं की नाही ते त्याला कळेना. मी म्हटलं, भांडायला आले नाही, बाबांचा आवाज न्यायला आले.

त्याने मला एका खोलीत बसवलं, दार लावलं आणि लॅपटॉप उघडून शोधत राहिला. तुला आठवतं, कॉलेजात हरायला लागला की तो बोलायचा थांबत नसे. आज तो गप्प होता, त्यावरूनच मी समजले.

“आवाजाच्या फाइल्स जड होत्या गं,” म्हणाला. “पहिल्याच दिवशी काढून टाकल्या. आम्हाला कोड हवा होता.”

“सगळ्या?”

“सगळ्या. मला काय माहीत...”

“ऐकल्या तरी होत्यास का?”

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “एक ऐकली होती. शिवी होती.”

कोपऱ्यात त्यांचं यंत्र ठेवलेलं होतं. मीच बटण दाबलं. एका बाईचा आवाज आला, गोड, अगदी स्वच्छ. ‘नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?’ घुम्या, मला तिथे रडायचं नव्हतं.

वकील म्हणाला, जुन्या बॅकअपमध्ये बघतो, दोन दिवस दे. लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार बंद होताना म्हणाला, “काकांना माझा...” आणि पुढे काय ते राहिलं.


२० फेब्रुवारी

तू बघितलंच असशील. वकिलाने काल इथे फाइल टाकलीय. ‘बॅकअपमध्येही नाही. माफ करा.’

इतक्या वर्षांनी भंगारमध्ये तिघं हजर आहोत. तेल गेलं, तूप गेलं.

बाबांचं जेवण कमी झालंय. टॅब परातीतही तापतो. आई दर थोड्या वेळाने टॉवेल बदलते, ताप आलेल्या पोराच्या कपाळावरची पट्टी बदलावी तसा. काल तिला म्हटलं, किती दिवस करणार आहेस? म्हणाली, “पुरेल तेवढे.” ती टॅबविषयी बोलत होती की कशाविषयी, मी विचारलं नाही.


२५ फेब्रुवारी

घुम्या,

आज सकाळी टॅबला वास यायला लागला, जळक्या प्लास्टिकचा. त्याचा पडदा एका कडेने उचलला गेला होता. आई परात वायरीसकट उचलून गॅलरीत घेऊन गेली आणि तिथेच धरून उभी राहिली, आत आणेना. बाबा उठले, तिच्यामागे गेले आणि टाइप केलं, “पुरे आता. घर जाळशील.”

मग मला, “फोन आण. बोली लावू.”

मी माझा आणि आईचा, दोन्ही फोन आणले. त्यांनी मला हाताने आत जायला सांगितलं. आधी आई. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. बाबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग आई हसली. कशाला हसली ते तिने सांगितलं नाही, आणि ती फाइल मला दिलेली नाही. तिच्या फोनमध्ये आहे. सेव्ह झालीय का एवढंच तिने विचारलं, मी बघून हो म्हटलं.

मग मी. वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. लहानपणापासून मला त्यांच्या तोंडून एक तरी कौतुकाचं वाक्य हवं होतं, तुला माहीत आहे. त्यांनी टाइप केलं आणि टॅब म्हणाला, “खोलीतला पंखा बंद कर.” खांदे हलायला लागले. जन्मभर मला हेच सांगत आले. नंतर मी आत जाऊन बघितलं, तर पंखा खरंच चालू होता.

शेवटी तुझी पाळी. त्यांनी माझा फोन स्वतःच्या हातात घेतला, टॅबजवळ नीट धरला, आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने, शोधत शोधत, टाइप केलं. फाइल याच्या शेजारी ठेवलीय. उघड. छोटी आहे. मागे रस्त्याचा आवाज आहे, त्याला इलाज नव्हता.

“घुम्या. एक वार. दोन वार.”

टॅब थांबला, नेहमीसारखा. आम्हीही थांबलो, नेहमीसारखेच. मी म्हटलं, “बाबा, टॅब बंद करू?” त्यांनी मान हलवली, नाही. फोन मला परत दिला. मग स्वतःच अंगठा बटणावर ठेवला आणि दाबून धरला. आईने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. पडदा काळा होत असताना त्यांनी मान वर केली, बाजारात करायचे तशी, लांबच्या गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून, आणि तोंड उघडून तिसरा वार पुकारला. आवाज नव्हता. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. पण ओठ आम्ही दोघींनी वाचले.

ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. शोधू नकोस.

मग त्यांनी प्लगवरची आईची पाटी काढली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि ‘टॅब बंद करू नये’च्या खाली लिहिलं, ‘माल घुम्याचा.’ आणि मला खूण केली, कळव.

कळवतेय. मी यात आता काही करू शकत नाही. वकील काही करू शकत नाही, डॉक्टर बघू म्हणतात, आणि तू पुसलेलं तुलाही परत आणता येत नाही. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसलेत. बोलायचं असलं की कागद मागतात, पण हाताला कंप आहे, दोन शब्दांवर कंटाळतात. आज दोनदा रस्त्याकडे बोट करून माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं.

नियम तुला त्यांनीच शिकवलाय. ज्याच्या नावावर गेला त्याने स्वतः येऊन उचलायचा, माणूस पाठवायचा नाही. पत्ता तुला माहीत आहे आणि दाराला कुलूप नाही. भाजीचा माल आहे, घुम्या. फार दिवस पडून राहत नाही.

— कटकट